बसणे आणि चालणे

“भाऊ, तुमच्याकडच्या सगळ्या लेन्स हिच्यावर बसतील,” असे दुकानदाराने मला सांगितले, तेव्हा तो एकही अक्षर खोटे बोलत नव्हता. काउंटरवर निकॉनची डी ५६०० ही बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा, होती, माझ्या पिशवीत १९९० च्या दशकातील रचनेची एक जड लेन्स होती, आणि ती लेन्स बॉडीच्या तोंडावर ठेवून फिरवल्याबरोबर ओळखीचा ‘टक्’ असा आवाज आला. लेन्स बसली. नंतर मी शटरचे बटण अर्धे दाबले आणि काहीच घडले नाही. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर जसे अंधुक होते तसेच राहिले. दुकानदाराने लेन्स काढली, पुसली, पुन्हा लावली, पुन्हा बटण दाबले, आणि शेवटी म्हणाला, “हाताने फोकस होईल की.” तेही खरेच होते. मी आभार मानून बाहेर पडलो आणि कुडाळहून मालवणकडे जाणाऱ्या एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आले की, ज्या प्रश्नाचे उत्तर मी गृहीत धरून घराबाहेर पडलो होतो, तो प्रश्न मी अजून स्वतःला नीट विचारलेलाच नाही.

हा सगळा खटाटोप २०२३ च्या ऑक्टोबरचा. माझ्याकडे २००९ साली घेतलेला निकॉनचाच डी ९० होता, १२.३ मेगापिक्सेलचा, आणि त्याने चौदा वर्षे एका तक्रारीविना काम केले होते. तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असताना, दोराच्या रांगेला समोरून टिपण्याच्या मोहात मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि मागून आलेल्या लाटेने माझा तोल गेला. कॅमेरा पाण्यात जेमतेम दोन-तीन सेकंद होता. गोडे पाणी असते तर कदाचित वाचला असता, परंतु खाऱ्या पाण्याचे तसे नसते. ते वाळले तरी मीठ मागे राहते, ते मीठ हवेतला ओलावा ओढत राहते आणि आतील तांबे हिरवे होत जाते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपाय मीही केला, त्याने तांदळाला वास लागला एवढेच. सुदैव इतकेच की त्या वेळी कॅमेऱ्यावर माझी सर्वांत स्वस्त लेन्स होती, म्हणजे १८-५५ची किट लेन्स, आणि तीही त्याच्याबरोबर गेली.

राहिल्या त्या चार लेन्स. पहिली ५० मिलिमीटर एफ/१.८डी, हलकी, साधी, प्लास्टिकच्या बांध्याची. दुसरी ३५ मिलिमीटर एफ/१.८जी, डीएक्स प्रकारची, म्हणजे लहान सेन्सरसाठी (फिल्मच्या जागी चित्र टिपणाऱ्या भागासाठी) बनवलेली. तिसरी ८० ते २०० मिलिमीटरची झूम, म्हणजे ८०-२०० एफ/२.८डी, सव्वा किलोहून जास्त वजनाची, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओने व्यवसाय बंद करताना मला दिलेली. आणि चौथी ३०० मिलिमीटर एफ/४डी, हिच्या नावात ‘एएफ-एस’ ही अक्षरे आहेत आणि पुढे कळेल त्याप्रमाणे त्या अक्षरांना फार किंमत आहे. “लेन्स तर आहेतच, फक्त बॉडी घ्यायची” असे वाक्य मी त्या आठवड्यात निदान दहा जणांना ऐकवले असेन. त्यातला ‘फक्त’ हा शब्द किती भोळा होता, हे मला त्या दुकानातच कळायला सुरुवात झाली.

आमच्या वाडीतले सुतारकाका त्या संध्याकाळी पडवीच्या दाराला रंधा मारायला आले होते, कारण पावसाळ्यात फुगलेले दार ऑक्टोबर उजाडला तरी चौकटीत अडत होते. मी त्यांना दुकानातली गोष्ट सांगितली. ते हातातले काम न थांबवता म्हणाले, “दरवाजो चौकटीत बसलो म्हणजे कडी लागता असा नाय रे बाबू. कडी वायली बघूक व्हयी.” म्हणजे, कडी लागते का ते वेगळे पाहावे लागते. माझ्या समस्येचे याहून नेमके वर्णन मला नंतर कुठल्याही तांत्रिक माहितीपत्रकात सापडले नाही.

निकॉनची चौकट १९५९ ची आहे. त्या वर्षी आलेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्याबरोबर एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवण्याचे गोल तोंड, आले. लेन्स जिथे टेकते ती कडा आणि फिल्म, किंवा आता सेन्सर, यांच्यातील अंतर ४६.५ मिलिमीटर, ते अंतर आणि ती गोल खाच कंपनीने पुढे साठ वर्षे बदलली नाही. याचे कौतुक मीही मनापासून करत आलो आहे. पण चौकट तीच ठेवून कड्या मात्र दर दशकाला बदलल्या गेल्या. १९७७ साली लेन्सच्या छिद्राचा आकार बॉडीला कळवण्याची पद्धत बदलली. १९८६ च्या एफ-५०१ पासून ऑटोफोकस आला, तो असा की मोटार बॉडीत होती आणि माउंटच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखे एक पाते बाहेर डोकावत होते. ते पाते लेन्सच्या खाचेत शिरून तिच्या आतील भिंगे पुढेमागे फिरवीत असे. त्यानंतरच्या दशकात लेन्सच्या पोटातच मोटार घातली जाऊ लागली आणि तिला एएफ-एस म्हटले गेले. मग कंपनीने विचार केला असावा की आता स्वस्त बॉडींमधली मोटार काढून टाकायला हरकत नाही, आणि डी ४० पासून डी ३००० व डी ५००० या मालिकांतील बॉडी ते पाते नसलेल्याच निघाल्या. माझी ५० आणि ८०-२०० या दोन्ही लेन्स पात्याच्या जमान्यातल्या. डी ९० मध्ये पाते होते, म्हणून चौदा वर्षांत ही गोष्ट मला जाणवलीच नव्हती. जे विनातक्रार चालते त्याकडे कोणी वाकून पाहत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण मालवणातला माझा एक स्टुडिओवाला मित्र कॅननवाला आहे आणि आमचा हा वाद जुना आहे. कॅननने १९८७ साली आपले आधीचे एफडी माउंट सरळ सोडून दिले आणि ईएफ आणले. त्या काळी एफडीच्या लेन्स बाळगणाऱ्यांनी किती शिव्या दिल्या असतील याची कल्पना करता येते. पण ईएफमध्ये पहिल्या दिवसापासून मोटार लेन्समध्येच होती आणि बॉडीशी सगळा व्यवहार विजेच्या टोकांतून होत होता. परिणाम असा की १९८७ ची ईएफ लेन्स कंपनीचा अडॅप्टर लावून आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीवर चढवली, तरी ती स्वतःच फोकस करते. म्हणजे ज्यांनी एकदा चौकट तोडली त्यांची कडी आजही लागते, आणि ज्यांनी चौकट जपली त्यांना प्रत्येक बॉडीपुढे उभे राहून कोष्टक उघडावे लागते. मित्राला हे मी तोंडावर कबूल केलेले नाही.

घरी आल्यावर मी संगणकावरची जुनी छायाचित्रे उघडली. डिजिटल चित्राच्या फाइलमध्ये लेन्स, शटर, छिद्र, आयएसओ (म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी) ही सगळी नोंद आपोआप राहते. ती नोंद चाळताना मी एक पथ्य पाळले: काढलेली सगळी चित्रे मोजायची नाहीत, ठेवलेली मोजायची, म्हणजे जी मी कोणाला तरी पाठवली, छापली किंवा पुन्हा उघडून पाहिली तेवढीच. माझी स्वतःबद्दलची समजूत अशी होती की मी पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस आहे. आचऱ्याच्या खाडीत कांदळवनाच्या कडेला पहाटे होडीत बसणारा, सुरूच्या झाडावरच्या समुद्री गरुडाच्या घरट्याखाली मान मोडेपर्यंत उभा राहणारा, असा काहीसा. नोंद वेगळे सांगत होती. ३०० ने काढलेली चित्रे संख्येने अफाट होती, पण ठेवलेली थोडी. ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक ८०-२०० ची होती, आणि त्यातली बहुतेक रात्री बारानंतरची होती. म्हणजे दशावताराची.

तुळशीची लग्ने झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतात. देवाच्या पालखीच्या प्रदक्षिणा आटोपल्या की मध्यरात्रीच्या सुमारास देवळाच्या आवारात नाटक उभे राहते आणि ते उजाडेपर्यंत चालते. लिखित संहिता नसते, नेपथ्य म्हणजे एक बाकडे, साथीला पेटी, मृदंग आणि झांज. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या बत्त्या असत. आता हॅलोजन किंवा एलईडीचे दिवे असतात, परंतु ते एका बाजूने तोंडावर मारलेले असतात आणि पाठीमागे काळोखच असतो. युद्धाच्या नाचात नट गिरकी घेतो, तेव्हा त्याचा हात स्पष्ट यायचा तर शटर सेकंदाच्या दोनशेपन्नासाव्या भागाइतके तरी जलद हवे. छिद्र एफ/२.८ इतके पूर्ण उघडले तरी त्या उजेडात आयएसओ ६४०० च्या आसपास जातो. डी ९० ची मूळ मर्यादा ३२०० होती. त्यापुढे एक वाढीव पायरी होती, पण तिचे निकाल वाळूत लोळवल्यासारखे दिसत. त्यामुळे मी चौदा वर्षे निम्म्या वेगावर समाधान मानले आणि तलवारीच्या जागी पांढरा फराटा आला तर त्याला गती म्हटले.

म्हणजे मला काय हवे होते, ते माझ्याच जुन्या चित्रांनी सांगून टाकले. अंधारात चांगले पाहणारा सेन्सर, आणि ८०-२०० ला फिरवणारे पाते. आता बॉडी निवडणे सोपे व्हायला हवे होते, पण तसे झाले नाही.

माझ्यापुढे चार नावे होती: नवी डी ७५००, वापरलेली डी ७२००, वापरलेली डी ७५० आणि नवी मिररलेस झेड ५. पहिल्या दोन डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या, साधारण २४ बाय १६ मिलिमीटर; शेवटच्या दोन फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४. पहिल्या तिन्हींमध्ये पाते आहे. डी ७५०० बद्दल मी फार वेळ घालवला नाही. २०१७ च्या त्या बॉडीत सेन्सर उत्तम आहे, पण डी ७२०० मध्ये कार्डाच्या दोन खाचा होत्या, हिच्यात एकच ठेवली. शिवाय जुन्या, हाताने फोकस करण्याच्या लेन्सचे छिद्र वाचणारी छोटीशी खुंटीही काढून टाकली. माझ्याकडे तशी लेन्स नाही, तरी ज्या बॉडीतून कड्या काढायला सुरुवात झाली आहे, ती मला घ्यावीशी वाटली नाही. हा निर्णय थोडा भावनेचा होता हे मान्य.

डी ७२०० आणि डी ७५० यांच्यात खरा पेच होता, आणि तो लेन्समुळेच होता. सेन्सर बदलला की लेन्स बदलत नाहीत, पण त्यांचे पंगतीतले पान बदलते. लहान सेन्सर लेन्सच्या चित्राचा फक्त मधला भाग घेतो, त्यामुळे ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० सारखी दिसते. पक्ष्यासाठी हे वरदान. डी ७२०० चे २४ मेगापिक्सेल त्या मधल्या भागावरच पसरलेले असतात, आणि पलीकडच्या काठावरच्या काळ्या टोपीच्या खंड्याच्या डोळ्यातली चमकसुद्धा हाती लागते. पण त्याच गणिताने ८०-२०० चे ८० हे टोक १२० सारखे होते. देवळाच्या आवारात माझी नेहमीची जागा नटापासून पंधराएक फुटांवर असते, तेथून डी ९० वर उभा माणूस कधी पूर्ण मावत नसे. मी मागे सरकायचो आणि मागे बसलेल्या बायका “ओ, खाली बसा” म्हणायच्या. फुल फ्रेमवर ८० हे ८० च राहते. शिवाय तेच छिद्र आणि तेच शटर ठेवून मोठा सेन्सर सव्वादोन पट क्षेत्रावर प्रकाश गोळा करतो, म्हणजे उजेडाची एक पायरी (दुप्पट उजेड) आणि वर थोडे अधिक पदरात पडते. माझ्या बंद पडलेल्या कॅमेऱ्याला नेमकी तेवढी एक पायरी कमी पडत होती, आणि डी ७५० ची मूळ मर्यादा तर १२,८०० पर्यंत जाते.

मग पक्ष्यांचे काय? इथे मी बरेच दिवस अडकलो होतो. डी ७५० वर ३०० लावून मधला डीएक्सइतका भाग कापला, तर २४ पैकी सुमारे १० मेगापिक्सेल उरतात. २४ च्या शेजारी १० हा आकडा दीनवाणा दिसतो, आणि कोणतीही तुलना वाचली तरी ती या दोन आकड्यांवरच थांबते. एका रात्री मात्र सुचले की ही तुलना मुळात माझी नाही. माझ्या हातात २४ कधी नव्हतेच. ज्या डी ९० वर मी खाडीतले सगळे पक्षी टिपले आणि ज्यातली काही चित्रे भिंतीवर दोन फूट रुंद छापली, त्याचे सगळे मिळून १२ होते. म्हणजे डी ७५० घेतली तर पक्ष्यांच्या बाजूला मी जिथे होतो जवळजवळ तिथेच राहणार होतो, आणि रात्रीच्या बाजूला पुष्कळ पुढे जाणार होतो. दुकानात उभे राहिले की आपण नव्या वस्तूची तुलना शेजारच्या नव्या वस्तूशी करू लागतो. घरी ज्या वस्तूची जागा रिकामी झालेली असते तिच्याशी करणे सुचत नाही.

झेड ५ ला मी अन्यायाने बाद केले नाही. निकॉनने २०१८ साली नवे झेड माउंट आणले, त्यात ते अंतर ४६.५ वरून १६ मिलिमीटरवर आले. अंतर कमी झाल्यामुळे मधल्या साडेतीस मिलिमीटरांत एक नळीसारखा अडॅप्टर बसतो आणि जुन्या लेन्स त्यावर चढतात. निकॉनच्या त्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये छिद्र हलवण्याची सोय आहे, पण फोकस फिरवणारे पाते नाही. म्हणून माझी ३००, जिच्या नावात एएफ-एस आहे, ती झेड ५ वर व्यवस्थित फोकस करते. इतकेच नव्हे, तिच्यात कंप रोखण्याची सोय नाही ती बॉडीकडून मिळते, म्हणजे तिचे सोनेच होते. आणि ८०-२०० व ५० ह्या दोघी मात्र पुन्हा बसतात आणि चालत नाहीत. सोनीने २०२० साली आपल्या जुन्या मिनोल्टा वारशाच्या लेन्ससाठी मोटार घातलेला अडॅप्टर काढला होता, निदान काही निवडक बॉडींपुरता; निकॉनने आपल्या लोकांसाठी तेवढे केले नाही, याचा मला आजही राग आहे. कंप रोखण्याच्या सोयीबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: ती आपला हात स्थिर करते, गिरकी घेणाऱ्या नटाला स्थिर करत नाही. शिवाय जत्रा सकाळपर्यंत चालते. प्रमाणित मोजणीत डी ७५० ची बॅटरी एका भारात १,२३० चित्रे देते, आणि झेड ५ ची डोळा लावून पाहिल्यास ३९०. देवळाच्या आवारात एकच प्लग असतो आणि तो ध्वनिक्षेपकवाल्याचा असतो.

तरीही झेड ५ चे पारडे हलके नव्हते, कारण डी ७५० च्या बाजूचा माझा सगळा युक्तिवाद एकाच खुंटीवर टांगलेला होता: ८०-२०० ही लेन्स. ती नसती तर पात्याला अर्थ उरत नव्हता आणि पुढची पंधरा वर्षे नव्या माउंटवर काढणे शहाणपणाचे ठरले असते. तोवर ती खुंटी मजबूत आहे की नाही हे मी तपासलेच नव्हते.

तपासायला साधी बॅटरी पुरते. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडायचे, एका बाजूने बॅटरीचा झोत टाकायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरपे पाहायचे. ५० स्वच्छ होती, ३५ स्वच्छ होती, ३०० मध्ये थोडी धूळ होती. ८०-२०० मध्ये मधल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले होते. कोकणात राहणाऱ्या कोणालाही ते काय हे सांगावे लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते, चपलांना, पुस्तकांना, पट्ट्यांना बुरशी येते, मग काचेवरच्या लेपाने काय घोडे मारले आहे? मी ती लेन्स मूळच्या चामडी पेटीत, कपाटात, काळोखात, जपून ठेवली होती. बुरशीला याहून अधिक काही लागत नाही. ती बुरशी आम्ल सोडते, आम्लाने भिंगावरचा लेप खाल्ला गेला की मग पुसून काही उपयोग नसतो. म्हणून चित्र बिघडलेले दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे फार उशीर करणे.

कुडाळहून कोकणकन्या पकडून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि चालत बोरा बाजारात गेलो. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराच्या टेबलासमोर बसलो, तेव्हा माझ्या मनात बॉडीचा निर्णय पूर्णपणे त्यांच्या हातात दिलेला होता. त्यांनी लेन्सचा मागचा भाग उघडला, भिंग उजेडाकडे धरले, फुंकर मारली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “लेप शाबूत आहे. आणखी एक पावसाळा गेला असता तर मी तुम्हाला परत पाठवले असते.” सफाईला चार दिवस लागणार होते. मी बाहेर येऊन चहा घेतला आणि त्याच गल्लीत वापरलेल्या डी ७५० पाहायला लागलो.

वापरलेली बॉडी पाहताना शटर किती वेळा उघडले हा आकडा सगळेच विचारतात, आणि तो चित्राच्या फाइलमधून काढताही येतो. डी ७५० चे शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून पाहिलेले आहे, त्यामुळे तीस-चाळीस हजारांना घाबरण्याचे कारण नाही. मी मात्र किनाऱ्यावरचा माणूस असल्याने आधी स्क्रूंची डोकी पाहिली. तळाच्या पत्र्याचे आणि माउंटच्या कडेचे स्क्रू तांबूस असतील, किंवा फ्लॅश अडकवण्याच्या पट्टीच्या कोपऱ्यांत पांढरट-हिरवट पूड असेल, तर तो कॅमेरा समुद्र पाहून आलेला असतो, मालक काहीही सांगो. पहिली बॉडी त्याच कारणाने खाली ठेवली. दुसरीच्या पकडीचे रबर सैल झाले होते, ते चालण्यासारखे होते. खिशातली ५० लावली, बटण अर्धे दाबले आणि पात्याचा तो बारीक ‘घर्र’ असा आवाज आला. नवीन लेन्सवाल्यांना तो आवाज गावंढळ वाटतो. मला त्या क्षणी तो पेटीच्या सुरासारखा वाटला. ही बॉडी धूळ आणि ओलाव्यापासून बऱ्यापैकी बंदिस्त आहे असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण माझ्या ५० ला आणि ८०-२०० ला माउंटच्या कडेला रबराची गोल पट्टी नाही. म्हणजे सगळ्या खिडक्या लावून पुढचे दार उघडे. रापणीच्या पाण्यात पुन्हा उतरण्याचा परवाना मला मिळालेला नव्हता. डी ९० च्या जुन्या बॅटऱ्याही या बॉडीत चालत नाहीत, हेही तिथेच कळले. कार्डे तेवढी चालली.

घरी आल्यावर एक काम राहिले होते. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा भाग सेन्सरवर नसून वेगळ्या वाटेवर, खाली असतो, त्यामुळे बॉडी आणि लेन्सची एखादी जोडी जमेपर्यंत फोकस किंचित पुढे किंवा मागे पडतो. मिररलेसमध्ये ही कटकट नसते, हा त्यांचा मोठा गुण. मी ओटीवर पाच सुपाऱ्या तिरप्या ओळीत मांडल्या, मधल्या सुपारीवर फोकस केला, आणि चित्रात चौथी सुपारी जास्त रेखीव आलेली पाहिली. लेन्स बोरा बाजारातून येऊन आठवडाही झाला नव्हता. मेनूतली दुरुस्ती एकेक अंकाने बदलत मी ती मधल्या सुपारीवर आणली, तोवर दोन सुपाऱ्या आईने उचलून नेल्या होत्या.

पहिली जत्रा आमच्या शेजारच्याच गावातली होती. काळ्या वेशातला संकासुर काळोखातून पुढे आला, तेव्हा डी ९० नेहमी चाचपडत असे. हा कॅमेरा एकदा ‘घर्र’ करून थांबला आणि डोळ्यांच्या कडा पकडून बसला. उठून उभे राहिलेला नट ८० मिलिमीटरवर डोक्यापासून पायापर्यंत मावला आणि मला मागे सरकावे लागले नाही. साडेतीनच्या सुमारास काढलेल्या एका चित्रात तलवारीचे पाते, मूठ आणि मुठीवरची बोटे वेगवेगळी मोजता येतात. आयएसओ ६४००, शटर १/२५०.

आता लेन्सचे डबे हवाबंद आहेत, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक आहे, आणि काटा पंचेचाळीसच्या आसपास राहील असे मी पाहतो. ३५ मिलिमीटरला मात्र नव्या पंगतीत पान उरले नाही, कारण ती लावली की कॅमेरा आपोआप चित्र कापतो आणि त्या कामाला माझी ५० आहेच. म्हणून देवगडहून भाची सुट्टीत आली, तेव्हा ती तिला देऊन टाकली. तिच्याकडे डी ३४०० आहे, पाते नसलेली, पण ३५ मध्ये स्वतःची मोटार असल्याने तिथे ती पूर्ण चालते. मी तिला बसणे आणि चालणे यांतला फरक बराच वेळ समजावून सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि मग टेबलावरची ५० उचलून आपल्या बॉडीवर फिरवली.

“ही बसते की, मामा.”

“बसते, पण फोकस नाही करणार.”

तिने खळ्यात झोपलेल्या मांजराकडे कॅमेरा रोखला, कडे बोटाने हळूहळू फिरवले, कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबली आणि चित्र काढले. मग दुसरे काढले. “हाताने फिरवायला मजा येते,” असे म्हणाली. सुट्टी संपून ती परत गेली त्याला आता दीड वर्ष झाले. ३५ आणि ५० या दोन्ही तिच्याकडेच आहेत.